फिलिमोनेचा उजवा डोळा

नुकुआलोफा, टोंगा
४ मे १९९८

लाविनिया आत्या,

पाकिटावरचं नाव वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, तर पडू दे. मी लेसिएली, तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. आपण एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. दर नाताळाला ऑकलंडहून तुमचं पार्सल मात्र न चुकता मिळतं. त्यातला निळा स्वेटर इथल्या उकाड्यात अंगावर चढवता येत नाही, पण कपाटात जपून ठेवलाय. आभार मानायला मला इतकी वर्षं लागली, याबद्दल हवं तेवढं रागवा. पत्र तेवढं शेवटपर्यंत वाचा.

काम आहे म्हणून लिहितेय. उगाच गोड बोलून मग पदर पसरायचा, हे मला जमत नाही. मी इथल्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात नर्स आहे. सध्या आमच्याकडे गावाकडचे एक गृहस्थ आलेत. कोनफळाच्या मळ्यात वेल ओढताना वाळकं पान सपकन डोळ्याला लागलं. आधी लाल झाला, मग पाणी, मग उजेड सोसेना. शहाण्या माणसाने सरळ हॉस्पिटल गाठलं असतं. यांनी शेजारच्याचे मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब मागून आणले आणि घातले. ते थेंब सूज उतरवणारे, स्टेरॉइडचे. चार दिवस डोळा पांढरा दिसला, गृहस्थ खूश. आत बुरशीला मात्र मेजवानी मिळाली. बाटलीवर माझंच अक्षर होतं, 'फक्त लोपेतीसाठी' असं. म्हणजे माझ्याच हातून गेलेली बाटली.

आमचे डॉक्टर सेमिसी यांनी जखमेवरचा थर खरवडून काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर धाग्यांचं जाळंच दिसलं. बुबुळाच्या मधोमध पांढरा ठिपका, त्याच्या कडा पिसासारख्या, आणि खाली पुवाची रेघ. त्यावरचं औषध नाटामायसिन. आमच्याकडची शेवटची बाटली मुदत उलटलेली निघाली. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडलीय. ऑकलंडच्या मोठ्या हॉस्पिटलच्या औषधखान्यात दाखवलीत तर देतील. येणाऱ्या कोणाच्याही हाती पाठवा, मी विमानतळावर जाऊन घेईन.

घाई अशासाठी की त्यांचा दुसरा डोळा लहानपणीच गेलाय. हा गेला तर सगळा अंधार.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, घरी सगळे बरे आहेत.

लेसिएली


११ मे

आत्या,

औषध मिळालं. त्याबरोबरची चिठ्ठीही मिळाली. 'तुझ्या त्या गृहस्थाचा डावा डोळा मासे धरायचा गळ लागून गेला होता का, तेवढं कळव.' एका ओळीत माझं पितळ उघडं पाडलंत.

होय, गळच लागला होता. ते गृहस्थ म्हणजे बाबाच.

खोटं लिहिलं, कारण तुमचं नाव काढलं की ते ताटावरून उठतात आणि त्यांचं नाव काढलं तर तुम्ही काय कराल, ते मला ठाऊक नव्हतं. मी जन्मले तेव्हा तुम्ही मला मागितलंत. तुम्हाला मूल नव्हतं. थोरल्या बहिणीने भावाचं मूल मागायचं आणि भावाने ते हसत द्यायचं, ही आपली रीत. बाबांनी नाही म्हटलं. सगळ्या गावाने तोंडात बोट घातलं. आई सांगायची, तुमची बोट सुटेपर्यंत बाबा मला छातीशी धरून दाराला कडी लावून बसले होते. त्यानंतर तुम्ही इथे पाऊल ठेवलं नाहीत. आई गेली तेव्हाही रीतीप्रमाणे अंत्यविधीला द्यायच्या चटया तेवढ्या आल्या, तुम्ही आला नाहीत.

आता खरी अडचण ऐका. औषध आलं तरी वरच्या मेलेल्या थरातून ते आत उतरत नाही. तो थर दर दोन-तीन दिवसांनी हलक्या हाताने खरवडावा लागतो. पहिल्यांदा ते डॉक्टर सेमिसींनी केलं आणि मग ते ठरल्याप्रमाणे शिबिरासाठी हापाई बेटांवर गेले. तिकडे चाळीस म्हातारे मोतिबिंदू काढून घ्यायला रांगेत बसलेत, त्यांना नाही कसं म्हणणार? आता त्यांच्या बोटीचं इंजिन बंद पडलंय. रेडिओवर मला म्हणाले, "लेसिएली, तू फिजीत सुव्हाला शिकून आलीयेस. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे. कर." असा मोठा माणूस, आणि इतकं सहज बोलून गेला.

मी ट्रे घेऊन गेले. बाबांनी पावलांचा आवाज ओळखला.

"कोण? लितिया?"

"मी आहे, बाबा."

"मग तो ट्रे लितियाकडे दे आणि बाहेर हो."

"लितियाला थेंब घालता येतात, खरवडता येत नाही. इथे ते मला एकटीलाच येतं."

"डॉक्टर येईपर्यंत थांबू."

"तोवर बुबुळाला भोक पडेल."

"पडू दे."

तुम्हाला काय सांगायचं? बापाच्या डोक्याला मुलीने हात लावायचा नाही, त्याच्या ताटातलं खायचं नाही. म्हणूनच ते डोळा लागल्यावर माझ्याकडे आले नाहीत. बस हॉस्पिटलच्या दारात थांबली तेव्हा मान खाली घालून बसून राहिले आणि परत गावी जाऊन शेजारच्या लोपेती काकांकडून थेंब मागितले. रविवारी मी गावी गेले, तर चर्चमध्ये काळा चष्मा लावून शेवटच्या बाकावर बसलेले दिसले. त्यांचा खर्जातला आवाज गाण्यात ऐकू येईना, म्हणून मी मागे वळून पाहिलं, नाहीतर अजून कळलं नसतं. वॉर्डात माझ्याशिवाय चार नर्सा आहेत. त्यांतल्या दोघी आमच्याच भावकीतल्या, म्हणजे नात्याने त्याही त्यांच्या मुलीच. तिसरी सुट्टीवर. उरली फिजीची लितिया. ती बिचारी दर तासाला थेंब घालते. परवा मला म्हणाली, "तुमच्या बेटावर आजारी पडायचं तर आधी वंशावळ घेऊन यावं लागतं गं."

मी भांडले. म्हटलं, "बाबा, या एकविसाव्या शतकाच्या तोंडावर…"

"शतक तुझं तुझ्याकडे ठेव. माझ्या चुलतभावाने बापाचे केस कापले होते. महिन्यात त्याचा गळा सुजला."

"ते गळू होतं!"

"असेल." मग म्हणाले, "तुझे हात सुजले, तर बाहेर बाकावर बसलेत त्यांचं कोण बघणार? माझा एक डोळा. त्यांचे किती आहेत, मोज."

आत्या, मला वाटलं होतं हा मानपानाचा हट्ट आहे. तसं नव्हतं. या माणसाला स्वतःच्या डोळ्यापेक्षा माझ्या हातांची काळजी आहे. मी ट्रे घेऊन बाहेर आले आणि साबणाच्या कपाटामागे उभी राहून रडले. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

माझी विनंती एवढीच आहे. तुम्ही थोरल्या. तुमचा शब्द त्यांच्या वरचा. 'लेसिएलीला हात लावू दे' एवढं त्यांना सांगा. तुमचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून वॉर्डातल्या फोनचा नंबर खाली दिलाय. हे पत्र घेऊन आमचे पास्टर आजच्याच विमानाने निघतायत.

लेसिएली


१५ मे

आई,

हा शब्द लिहून त्याच्याकडेच बघत बसले होते. आता 'तुम्ही' चालणार नाही. आईला कोण तुम्ही म्हणतं?

फोनवर तुला जे ऐकू आलं नाही, ते सांगते.

लितियाने फोन उचलला आणि तुझं नाव सांगितलं. बाबा म्हणाले, "थांबायला सांग." मला वाटलं, नाही म्हणणार. ते उठून बसले आणि चाचपडत विचारायला लागले, "माझी चटई कुठाय? कमरेची?" मोठ्यांच्या मानासाठी बांधतात तशी, हॉस्पिटलच्या पायजम्यावर त्यांनी ती बांधली. दोरीची गाठ बसेना. भेटायला आलेल्या लोपेती काकांनी बांधून दिली. मग बहिणीसमोर बसावं तसे मान खाली घालून बसले आणि रिसीव्हर कानाला लावला. लाविनिया आपल्याला बघू शकत नाही, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल.

तू काय बोललीस ते आम्हाला कोणालाच कळलं नाही. आम्हाला फक्त त्यांचं "हो" ऐकू आलं. मग पुन्हा "हो." त्यांच्या गालावरून पाणी वाहायला लागलं आणि लितिया कुजबुजली, "काका, डोळ्यात औषध आहे, रडू नका, वाहून जाईल." तेव्हा तिसरं "हो" म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, एकोणतीस वर्षांपूर्वी जे मागितलं ते आज पुन्हा मागतेय."

मला तुझा भयंकर राग आला. खोटं कशाला बोलू? मी परवानगी मागितली होती, तू मलाच मागून घेतलंस. आंधळा होत चाललेल्या माणसाला कोंडीत पकडून जुना हिशेब चुकता केलास, असं वाटलं. मी म्हटलं, "तुम्ही पुन्हा नाही म्हणा. मी सांभाळीन तुम्हाला, आंधळे झालात तरी."

ते हसले. या वॉर्डात आल्यापासून पहिल्यांदा. "तुला कळलं नाही," म्हणाले. "अगं, तू तिची मुलगी झालीस की माझी कोण होतेस?"

"भाची."

"आणि बहिणीच्या मुलीला मामाचं काय वर्ज्य असतं?"

लोपेती काकाच ओरडले, "काहीच नाही! भाची मामाच्या वर असते! घरातलं हवं ते उचलते, मामाने गप्प बसायचं!" आणि मग आपणच ते थेंब दिले हे मनाला लावून घेतलेला एवढा मोठा माणूस टॉवेलमध्ये तोंड खुपसून हुंदके द्यायला लागला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तू नुसता हुकूम दिला असतास तरी त्यांनी मानला असता. डोकं पुढे केलं असतं. पण मग रोज माझी बोटं तपासत बसले असते, सूज आली का, काळी पडली का म्हणून. झोप लागली नसती त्यांना. तू त्यांची रीत मोडली नाहीस. त्या रितीतूनच तू त्यांची भीती काढून टाकलीस. सुव्हामध्ये मोठमोठ्या लोकांनी मला शिकवलं, पण इतकं शहाणपण मी कोणात पाहिलं नाही. माझ्या रागाबद्दल माफ कर.

मला जन्म देणाऱ्या आईने विणलेली बारीक विणीची मानाची चटई घरी होती. लोपेती काका बसने जाऊन ती घेऊन आले. बाबांनी ती पलंगावर अंथरायला लावली, मला तिच्यावर बसवलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही माझी बहीण लाविनिया हिची लेक. मी दिली. ऐकणाऱ्यांनी ऐकून ठेवा." पलीकडच्या खाटेवरच्या मधुमेहाच्या आजीने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, लग्न ठरलं.

मग त्यांना तपासणीच्या यंत्रापुढे नेलं. लितिया त्यांच्या मागे उभी राहिली.

"बाबा, हनुवटी इथे टेकवा."

ते हलले नाहीत. "नीट म्हण. त्याशिवाय हात लावायचा नाही."

आई, तो शब्द तोंडातून निघेना. जन्मभर ज्याला बाबा म्हटलं त्याला दुसरं काही कसं म्हणायचं? ते वाट बघत होते. ते मागे हटणार नव्हते. शेवटी म्हटलं, "मामा, हनुवटी टेकवा."

"हां," ते म्हणाले, आणि टेकवली.

मी त्यांच्या डोक्यामागे तळहात ठेवला, कपाळ पट्टीशी दाबून धरायला. त्यांचे केस मऊ आहेत, हे मला आजवर माहीत नव्हतं. "हात गार आहे तुझा," ते म्हणाले. मी म्हटलं, "बोलू नका, हलेल." सुन्न करणारे थेंब घातले आणि पातं हातात घेतलं. भिंगातून पाहिलं. तिथे फक्त एक आजारी बुबुळ होतं आणि मला काय करायचं ते ठाऊक होतं. कडेपासून आत, कापसावर पुसत, पुन्हा कडेपासून. वरचा मऊ थर निघाला. खालचा पडदा पातळ झाला होता, पण शाबूत होता. तू पाठवलेलं औषध त्यावर घातलं.

आटोपल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. चेपून पाहिले, एकेक बोट. "काही नाही झालं," म्हणाले. "बहिणीची अक्कल आधीपासूनच जास्त."

तुझी,
लेसिएली


२ जुलै

आई,

डॉक्टर सेमिसी गेल्या महिन्यात हापाईहून आले. यंत्रातून बराच वेळ बघत बसले. मग मागे सरून म्हणाले, "फिलिमोने, मी इथे असतो तरी याहून चांगलं झालं नसतं." मामा छाती फुगवून म्हणाले, "माझी भाची आहे." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. तू मला मागून घेतल्याचं त्यांना हापाईत काहीच कळलं नव्हतं. लितियाने त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं, तसे ते परत आले आणि मामांपुढे खुर्चीवर न बसता आदराने जमिनीवर बसले. मला ते फार आवडलं.

बुरशी गेली. पूही गेला. जखम भरलीय, भोक पडलं नाही. पण मधोमध पांढरं फूल राहिलंय. उजेड कळतो, दार कळतं, माणूस उभा आहे की बसलाय तेही कळतं. चेहरा कळत नाही. डॉक्टर म्हणतात, आतला डोळा छान आहे, खिडकीची काच तेवढी खराब झालीय. ऑकलंडला ती काच बदलतात, मेलेल्या माणसाने दान दिलेल्या डोळ्यातली. कागद त्यांनी करून ठेवलेत. डोळा शांत झालाय, आता वेळ घालवू नका म्हणतात.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. 'फिलिमोने, डोळ्यासाठी मागितली होती. आता तुझी मुलगी तुला परत घे.' ते ऐकून मामा भडकलेच.

"परत घेऊ? मी काय उसना पाटा दिला होता? तिला लिही, बहिणीला एकदा नाही म्हटलं ते आयुष्याला पुरलं. दिलेली मुलगी परत घेणारा भाऊ तिला नाही."

खरं सांगू? परत घेतलं नाही याचं वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. कारण परवा गावच्या घरी जेवताना त्यांनी ताटातली अळूच्या पानातली मांसाची पुडी अर्धी केली आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "खा, आता तुला चालतं." मी बापाच्या ताटातलं पहिल्यांदा खाल्लं. जेवल्यावर ते पायरीवर बसले आणि म्हणाले, केस वाढलेत, कापून दे. मी कापले. मुलगी होते तोवर यांतलं काहीच मला मिळत नव्हतं.

पण ऑकलंडचं नाव काढलं की पुन्हा हटून बसतात. "ज्या बहिणीला तेव्हा मूल दिलं नाही, तिच्या दारात डोळा मागायला जाऊ? एवढं दिसतंय ते पुष्कळ आहे. कोनफळाचा वेल हाताला कळतो." लोपेती काकांनी समजावलं. पास्टरनी समजावलं. डॉक्टरांनी तर रागावून पाहिलं. हा माणूस ढिम्म.

काल सकाळी मीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मामा, भाचीला मामाच्या घरातलं हवं ते उचलता येतं ना?"

"येतं. डुक्कर ने, चटया ने, घर ने. मी हूं का चूं करणार नाही."

"शब्द?"

"लोपेती साक्षीला आहे."

"मग मी तुम्हालाच उचलते."

लोपेती काका इतके हसले की खुर्चीवरून पडता पडता वाचले. मामांनी काठी आपटली. "माणूस उचलायची रीत नाही," म्हणाले. मी म्हटलं, "नको असंही कुणी सांगून ठेवलेलं नाही. विचारा गावात." त्यांनी खरंच विचारलं, आई. दुपारभर घरोघरी काठी टेकत फिरले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "सगळे तुझ्या बाजूने झालेत. हरामखोर."

मंगळवारच्या विमानाने येतोय. तू दारात उभी राहू नकोस, त्यांचे पाय उंबऱ्यावरच अडतील. आतल्या खोलीत बस. रीतीप्रमाणे तुम्ही दोघं भाऊबहीण एका खोलीत बसणार नाही, ते मला ठाऊक आहे. मी मधल्या दारात बसेन आणि तुमचं बोलणं इकडून तिकडे नेईन.

आत्ता बॅग भरताना त्यांनी विचारलं, "लाविनिया आता दिसते कशी?"

म्हटलं, "मला काय माहीत? मी तिला कधी पाहिलंय?"

ते घडी घालत होते तो शर्ट तसाच हातात राहिला. मग म्हणाले, "दोघांतल्या एकाला तरी तिकडे गेल्यागेल्या दिसेल. आधी तू बघ तुझ्या आईला. नीट बघ. आणि मग माझ्याजवळ येऊन मला सांग."

लेसिएली